बावीस वर्षांचं ऊन

"बाळाचं मी काय सांगणार तुला?" वजनाच्या काट्यावरून आइलिफला उचलत यॉर्दिस नर्स म्हणाली होती. "त्याचं तू सगळं बघतेसच. सासऱ्यांच्या औषध-टॉनिकच्या बाटल्याही एकदा नजरेखालून घाल म्हणजे झालं. अंधाराचे दिवस आले की या बेटावरची म्हातारी माणसं कोणाकोणाचं ऐकून काय काय पीत बसतात, त्याचा पत्ता लागत नाही."

ही ऑक्टोबरातली गोष्ट. सुनिवाने मान डोलावली. फेरीबोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते सांगतात, तेव्हा आपण जशी डोलावतो तशी. सासऱ्यांच्या बाटल्या? आन्सगर आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर उत्तरेच्या समुद्रात कॉड पकडलेला माणूस. बायको गेल्यापासून धक्क्यावरच्या आपल्या लाल घरात एकटे राहायचे, स्वतःचं जेवण स्वतः करायचे, होडी स्वतः रंगवायचे. त्यांच्यावर कसली नजर ठेवायची? शिवाय सुनिवाकडे जेवढी नजर होती ती सगळी बाळावर खर्च होत होती. जास्तीची शिल्लकच नव्हती.

सुनिवा ट्रोम्सोला संख्याशास्त्र शिकली होती. बाळंतपणाच्या रजेत त्या संख्याशास्त्राला काही काम उरलं नाही, म्हणून ते बाळाच्या मागे लागलं. फ्रिजवर एक तक्ता होता. झोप, दूध, लंगोट, आणि लाल शाईत 'ड जीवनसत्त्व'. रोज सकाळी पाच थेंब, पुढे वेळ, त्यापुढे सही. जिथे नोव्हेंबरच्या शेवटी गेलेला सूर्य थेट एकवीस जानेवारीला तोंड दाखवतो, तिथे हे थेंब प्रत्येक बाळाला देतातच. त्यात नवल नाही. पण थेंब कमी पडले तर हाडं वाकतात हे सुनिवाने एकीकडे वाचलं होतं आणि जास्त झाले तर मूत्रपिंडं बिघडतात हे दुसरीकडे. दोन्ही वाचून झाल्यापासून ती थेंब मोजताना श्वासच घेत नसे.

आजोबा रोज नऊला यायचे. सुनिवाची आंघोळ होईपर्यंत बाळ त्यांच्याकडे. म्हणजे थेंबही त्यांच्याकडे.

"पाच, आजोबा. सहा नाही."

"अगं, नुसतं बघून माशाचं वजन सांगायचो मी. पाच थेंब मोजता येणार नाहीत?"

"माशाचं चुकलं तर मासा रडत नाही."

"तू विचारलंयस त्याला कधी?" असं म्हणून आजोबा चष्मा लावायचे, मोठ्याने एक ते पाच मोजायचे आणि जहाजाच्या नोंदवहीत करावी तशी पूर्ण नावाची सही करायचे. नातवाजवळ घालवलेला हा तास त्यांच्या दिवसाचा कणा होता. बाकीचा दिवस त्या तासाच्या आधीचा आणि नंतरचा एवढाच.

एकच अडचण होती. वास.

या किनाऱ्यावर लहानथोर सगळे कॉडच्या कलेजीचं तेल घेतात. ज्या महिन्याच्या नावात 'र' येतो त्या महिन्यात रोज सकाळी एक चमचा. म्हणजे मे ते ऑगस्ट सुट्टी आणि एरवी रोज. आजोबांनी वयाच्या तिसऱ्या वर्षापासून हा चमचा चुकवला नव्हता. तेल पिऊन, मिशा पुसून ते थेट नातवाला उचलायचे. बाळाच्या टाळूला, टोपीला, पांघरुणाला मासळीबाजाराचा वास. एकदा दुकानात एका बाईने बाळाला हुंगून "अगं बाई, मच्छीमारच होणार हा" असं म्हटलं, तेव्हा सुनिवाने विषय काढला.

"आजोबा, हल्ली बिनवासाचंही मिळतं. मी तुरीदताईंना सांगते."

तुरीद म्हणजे सुनिवाची नणंद. बावीस वर्षं स्पेनच्या किनाऱ्यावर होती. स्पॅनिश येत होतं ते तळलेल्या माकुळ्या मागवण्यापुरतं. पण मनाने दिलदार. तिने एक नाही, सहा बाटल्यांचा खोका धाडला. सोबत चिठ्ठी: 'बाबांसाठी. इथल्या औषधवाल्याने सांगितलं, एकदम उत्तम. वास नाही, चव नाही.'

खोका आला तेव्हा आइलिफ नुकताच झोपेतून उठून किंचाळत होता. सुनिवाने बाटली उलटीसुलटी केली. सोनेरी तेल, वर सूर्याचं चित्र, स्पॅनिश मजकूर, त्यात कुठेतरी 'डी'. तिने खोका सासऱ्यांच्या हातात दिला. "तेच आहे हो. फक्त वास नाही."

बाळाच्या थेंबांच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तिने भिंग लावून तीनदा वाचलं होतं. ही बाटली एकदाही नाही.

डिसेंबर छान गेला. बाळाला साबणाचा वास येऊ लागला. सुनिवा स्वतःवर खूश. नवरा ओदवार मत्स्यशेतीच्या तरंगत्या तळावर दोन आठवडे काम आणि दोन आठवडे घरी अशा पाळीत होता. तो घरी आला तेव्हा तिने त्याला मुद्दाम बाळाची टाळू हुंगायला लावली.

जानेवारी लागला आणि आजोबा बिघडायला लागले.

आधी तहान. यायचे तेच नळापाशी. एक ग्लास, दुसरा, मग जग तोंडाला. आणि पाणी आत गेलं की अर्ध्या तासात बाहेर. तासाभरात चार वेळा न्हाणीघर. त्या मानाने दुसरं काम मात्र आठवडाभर अडलेलं, हे त्यांनी ओदवारला फोनवर खासगीत सांगितलं आणि ओदवारने लगेच सुनिवाला. मग भूक गेली. मग पायातलं बळ. खुर्चीत बसले की तिथेच डुलकी. एकदा बाळाला "ओदवार" म्हणून हाक मारली. ते एक ठीक आहे, बाप-लेक दिसतात सारखे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनिवाला विचारलं, "आणि तू कोणाची गं?"

शेजारच्या बोर्गहिल्ड आजी थंडीत दर शनिवारी त्यांच्यासाठी उकडलेला कॉड, कलेजी आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, घेऊन यायच्या. त्या शनिवारी आजोबांनी ताट बाजूला सारलं.

बोर्गहिल्ड आजी हबकल्या. "आन्सगर, गाबोळी आहे ही."

"दिसतंय."

"तू गाबोळी सोडलीस?"

"मळमळतंय, बोर्गहिल्ड."

आजी सुनिवाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लावलं. "अंधार चढलाय त्याला. माझ्या भावाला असाच चढला होता. ऊन नाही ना अंगाला. तेल घेतो का रोज?"

"घेतात की. न चुकता."

"मग वाढवायला हवं. एक चमचा तरण्यांना. या वयात सकाळ-संध्याकाळ घ्यावा."

सुनिवाला ते पटलं. का पटणार नाही? या बेटावर दमलेल्या, झोपाळलेल्या, चिडलेल्या, प्रेमभंग झालेल्या, कोणत्याही माणसाला जानेवारीत एकच गोष्ट सांगतात: ऊन कमी पडतंय, तेल घे. तिने आजोबांना सांगितलं, त्यांनी मुकाट्याने ऐकलं, आणि एकाचे दोन चमचे झाले.

पाच दिवसांत आजोबा इतके खालावले की त्यांना जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं.

त्याच आठवड्यात तक्त्यावर ते घडलं. सुनिवा आंघोळ करून आली तर लाल रकान्यात दोन सह्या. नऊ वाजून दहा मिनिटं, आन्सगर योहान्सेन. नऊ वाजून पंचवीस मिनिटं, आन्सगर योहान्सेन.

"आजोबा, तुम्ही दोनदा दिले?"

आजोबांनी तक्त्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग स्वतःच्या सहीकडे. जणू ती दुसऱ्याच कोणाची होती. "मला वाटतं, एकदाच."

सुनिवाच्या डोक्यात हाडं, मूत्रपिंडं आणि हेलिकॉप्टर एकदम फिरू लागली. विषबाधेची माहिती देणारा फोन नंबर तिला बाळाच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

"दहा थेंब," ती म्हणाली. "आठ महिन्यांचं बाळ. पाचाऐवजी दहा."

पलीकडच्या बाईचा आवाज दुपारच्या कॉफीसारखा निवांत होता. "आजच?"

"आजच. आत्ताच. काय करू? ओकारी काढू?"

"अजिबात नको. एखाद्या दिवशी दुप्पट गेल्याने काही होत नाही. उद्यापासून नेहमीचे पाच. रोजच दुप्पट जायला लागले, तर मात्र कळवा."

"नक्की ना?"

"नक्की. बाळ काय करतंय?"

"मोजा चघळतंय."

"चघळू दे."

बाळ वाचलं. पण सुनिवाने त्या दोन सह्या पुन्हा पुन्हा वाचल्या. ज्या माणसाला आपण काय केलं ते पंधरा मिनिटांनी आठवत नाही, त्याच्या हातात बाळ कसं द्यायचं? दुसऱ्या दिवशी आजोबा नऊला आले, तेव्हा तिने दारातच सांगितलं की काही दिवस सकाळचं तीच बघेल. तुम्ही आराम करा.

"बरं," आजोबा म्हणाले. तेवढंच. टोपी पुन्हा चढवून बर्फातून सावकाश परत गेले. वाटेत दोनदा थांबले. सुनिवा खिडकीतून बघत होती. बाळाच्या बाबतीत आपण योग्य तेच केलं, असं तिने स्वतःला बजावलं. दोनदा बजावावं लागलं.

ओदवार पाळी संपवून घरी आला तो ठरवूनच. "बाबांना एकटं ठेवणं आता बरं नाही. चूल पेटती राहील, नाहीतर धक्क्यावरून घसरतील. तुरीदचंही तेच मत आहे. पालिकेची वृद्धांसाठी घरं आहेत ना, तिथे बघू. होडी विकून टाकू."

"आणि आजोबांचं मत?"

"त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुठली होडी?"

ओदवारने पालिकेचा नंबर शोधायला घेतला.

पालिकेला कळवलं. ठरलं असं की गुरुवारी नर्स येऊन तपासेल, मग लिहील, आणि त्या कागदावर ठरेल की आन्सगर योहान्सेन या माणसाने आपल्या घरात राहायचं की नाही. बेटावर माणसं मोजकी, त्यामुळे ही नर्सही यॉर्दिसच. सोमवारी बाळांची वजनं, गुरुवारी म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती.

गुरुवारी आजोबांच्या लाल घरात चौघं टेबलाभोवती बसली. आइलिफ शेजारी बाबागाडीत झोपला होता. आजोबांनी रविवारचा स्वेटर घातला होता. उलटा. समोर पाण्याचा जग.

"आन्सगर, आज वार कोणता?" यॉर्दिसने सुरुवात केली.

"तू आली आहेस म्हणजे गुरुवार. सोमवारी तू बाळं तोलतेस."

यॉर्दिसने कागदावर बरोबरची खूण केली. ओदवारच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"महिना?"

आजोबांनी खूप वेळ विचार केला. "र असलेला."

"त्यातला कुठला?"

"ते तू बघ. तेल घ्यायला एवढं पुरतं."

यॉर्दिसने हसू दाबलं आणि कागद पुढे केला. "एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

आजोबांनी सुरेख गोल काढला. मग त्यात आकडे लिहायला लागले. सुनिवाने वाकून पाहिलं तर त्या आकड्यांचं घड्याळाशी काही नातं नव्हतं. भरती-ओहोटीच्या वेळा लिहिणं चाललं होतं. मध्येच पेन थांबलं. आजोबा पाणी प्यायले, उठले, भिंतीला धरत न्हाणीघरात गेले, परत येऊन बसले आणि यॉर्दिसकडे बघून आनंदाने म्हणाले, "अरे वा, तू कधी आलीस?"

आता कोणालाच हसू आलं नाही. ओदवार टेबलावरच्या एका डागाला नखाने खरवडत राहिला. यॉर्दिसने शांतपणे लिहून घेतलं. तिचं पेन कागदावर घासल्याचा आवाज सुनिवाला लांबून येणाऱ्या बोटीसारखा वाटला. आजोबांना न्यायला आलेल्या.

"औषधं कोणती चालू आहेत?" यॉर्दिसने विचारलं.

"एकही नाही," ओदवार म्हणाला. त्याही परिस्थितीत त्यात थोडा अभिमान होता. "आयुष्यात गोळी घेतली नाही त्यांनी."

"गोळी नाही. थेंब? तेल? टॉनिक?"

"तेल तर सगळेच घेतात."

"बघू या."

हे मात्र आजोबांना चटकन समजलं. ते उठले, कपाटातून बाटली आणि चमचा घेऊन आले. बाटलीवर सूर्य हसत होता. डोकं चुकत होतं, पण पंच्याहत्तर वर्षांची सवय चुकत नव्हती. चमचा काठोकाठ भरला. इतका की तेलाला वर फुगवटा आला. आजोबांनी तो तोंडाकडे नेला.

सुनिवा संख्याशास्त्र शिकलेली बाई. रोज पाच थेंब श्वास रोखून मोजणारी. त्या फुगवट्याकडे बघताना तिच्या डोक्यात थेंब पडायला लागले. पाच, दहा, पन्नास, शंभर. ते थांबेचनात.

तिने सासऱ्यांचं मनगट धरलं. तेल स्वेटरवर सांडलं.

"आजोबा, हे किती घेता?"

"चमचा. बोर्गहिल्ड म्हणाली तेव्हापासून दोन."

"यातले थेंब घ्यायचे असतील, आजोबा."

आजोबांनी तिच्याकडे दया येऊन पाहिलं. "थेंब बाळांना, सुनिवा. मोठ्या माणसाला चमचा."

तिने फोन काढून बाटलीवर धरला. फोनला स्पॅनिश येत होतं. ते गेला दीड महिना येतच होतं, पण विचारलं कोणी नव्हतं. पडद्यावर अक्षरं उलगडली: प्रौढांसाठी दिवसाला एक थेंब. सांगितलेल्या प्रमाणाबाहेर घेऊ नये.

"बाकीच्या बाटल्या कुठे आहेत?" यॉर्दिसने विचारलं. आवाज बदलला होता.

"सिंकखाली. स्वच्छ धुऊन ठेवल्यात. गळ ठेवायला बऱ्या."

सिंकखाली पाच बाटल्या रांगेत उभ्या होत्या. लखलखीत, रिकाम्या. सहावी टेबलावर, निम्मी.

सुनिवाने त्याच नंबरवर फोन लावला. आवाजही तोच, दुपारच्या कॉफीसारखा.

"पुन्हा बाळ का?" बाई म्हणाली.

"नाही. सासरे. अठ्ठ्याहत्तर. ड जीवनसत्त्वाचं तेल, दिवसाला एक थेंब घ्यायचं." तिने टेबलावरचा चमचा उचलून पाहिला. "ते चमचा घेत होते. पाच मिलिलिटर. शेवटचे काही दिवस दोन."

"किती दिवस?"

"डिसेंबरच्या एक तारखेपासून."

पलीकडून भराभर कळा दाबल्याचा आवाज आला.

"तहान लागते का त्यांना?" बाईने विचारलं. कॉफी संपली होती. "गोंधळतात का? पोट साफ होतं का?"

"हो. हो. नाही."

"आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या. बाटली सोबत घ्या. तेल बंद, एक थेंबही नको. मी त्यांना कळवून ठेवते."

रुग्णवाहिका-बोट चाळीस मिनिटांत आली. धक्क्यावर बोर्गहिल्ड आजी धावत आल्या. सुनिवाने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. एका बाटलीत दीड हजार थेंब, म्हणजे चार वर्षांचा साठा. साडेपाच बाटल्या संपल्या.

बोर्गहिल्ड आजींना संख्याशास्त्र येत नव्हतं, पण गुणाकार येत होता. स्ट्रेचरवरच्या आजोबांकडे त्या बघतच राहिल्या. "आन्सगर, मेल्या, बावीस वर्षांचं ऊन पिऊन बसलास की रे."

"चव नव्हती त्याला," आजोबा म्हणाले आणि डोळे मिटले. बोर्गहिल्ड आजींनी मफलरात तोंड खुपसलं. दोन चमच्यांचा सल्ला कोणाचा होता, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल बघितला, पुन्हा बघितला, मग सगळ्यांना बसायला सांगितलं. ड जीवनसत्त्व हाडांसाठी कॅल्शियम गोळा करून आणतं, त्या म्हणाल्या. प्रमाणात असेल तर चांगलंच आहे. पण इतकं झालं की रक्तातच कॅल्शियमचा पूर येतो. तहान त्याचीच, मळमळ त्याची, पोट अडतं ते त्याचं, आणि डोक्यातला गोंधळही त्याचाच. मूत्रपिंडं दमली आहेत. आणखी दोन आठवडे असेच गेले असते, तर मूत्रपिंडांनी काय केलं असतं ते सांगता येत नाही.

"म्हणजे ही विस्मृती…" ओदवारने विचारलं.

"आधी कॅल्शियम खाली आणू. मग बघू, किती विस्मृती उरते."

सलाइन लागलं. ओदवार बापाच्या पायाशी बसून राहिला. पालिकेच्या घराचं, होडीचं, कशाचंच नाव त्याने काढलं नाही. सुनिवा बाळाला कडेवर घेऊन कॉरिडॉरमध्ये गेली आणि तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, त्या तेलाचा एकच थेंब घ्यायचा असतो. आजोबा चमचा घेत होते."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता.

"ताई?"

"एकच थेंब?" तुरीद म्हणाली.

"हो."

"सुनिवा, बाबांचं असं झालं म्हटल्यावर मला वाटलं, आपल्या घराण्यातच ऊन कमी पडतं की काय. म्हणून मीही आणलं. सोमवारपासून."

"किती घेता?"

"चमचा," तुरीद म्हणाली. मग घाईघाईने, "पण लहान चमचा."

सुनिवाने भिंतीला डोकं टेकलं. स्पेनच्या किनाऱ्यावर, वर्षाला तीनशे दिवस उन्हात भाजून निघणारी ही बाई. तिने नणंदेला ते तेल बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायला लावलं. चार चमच्यांवर निभावलं.

एकवीस जानेवारीला सूर्य परत आला. सगळं बेट रिवाजाप्रमाणे जॅम भरलेले गोड वडे हातात घेऊन त्याला बघायला टेकडीवर चढलं. आजोबा रुग्णालयाच्या खिडकीशी होते. डॉक्टरीणबाई आत आल्या आणि पडदा ओढून म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या, आन्सगर. तुमचं घेऊन झालंय." सगळे हसले. आजोबाही हसले, आणि ते कशाला हसले हे त्यांना कळलं होतं. त्यांचं डोकं ताळ्यावर येतंय, हे सुनिवाच्या लक्षात आलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी बाळाला समोर धरताच ते म्हणाले, "आइलिफ, वजन वाढलंय तुझं. नऊ किलो तरी." काट्यावर भरलं आठ किलो नऊशे.

सुनिवाने ओदवारला कॉफी आणायला पाठवलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. "आजोबा, त्या बाटल्या मी मागवल्या. तुमच्या हातात मी दिल्या. आणि वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. बाळाचं सगळं वाचते. तुमचं नाही वाचलं."

आजोबांनी तिच्या हातावर थोपटलं. "मीही नाही वाचलं, पोरी. आणि मला तर दिवसभर दुसरं काही काम नव्हतं."

बारा दिवसांनी ते घरी आले. हे जीवनसत्त्व चरबीत मुरून बसतं, महिनोन्महिने हळूहळू बाहेर पडतं, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. तोवर तेल नाही, कलेजी नाही, दूध-चीज मोजकं. तेल सुटल्याचं त्यांना काही वाटलं नाही. पावावरचं तपकिरी चीज मोजून मिळू लागलं, तेव्हा मात्र त्यांनी पहिल्यांदा विचारलं की आपण मेलो असतो तर बरं झालं असतं का.

एप्रिलमध्ये यॉर्दिस पुन्हा कागद घेऊन आली. आजोबांनी घड्याळ काढलं, अकरा वाजून दहा मिनिटं अचूक, आणि वर तिचं मनगटी घड्याळ चार मिनिटं मागे असल्याचं सांगितलं. तिने आपला कागद भरला. आन्सगर योहान्सेन यांनी स्वतःच्या घरात राहायला हरकत नाही. ओदवारने तो दोनदा वाचला आणि होडीला लावायचा रंग आणायला गेला.

मग सुनिवाने एक केलं. बोर्गहिल्ड आजींसकट आसपासच्या सगळ्या म्हाताऱ्यांना कॉफीला बोलावलं आणि आपापलं काय काय घेता ते घेऊन या म्हणाली. बोर्गहिल्ड आजी टोपली घेऊन आल्या. टोपलीतून माशाचं तेल निघालं, हाडांच्या गोळ्या निघाल्या आणि नातीने दिलेला तोंडात मारायचा फवारा निघाला. तिन्हींत ड जीवनसत्त्व.

"पण निरनिराळी नावं आहेत ना वर," आजी म्हणाल्या.

"नावं निरनिराळी आहेत, आजी. आत तेच आहे. डॉक्टरांना तिन्ही दाखवा."

"आणि आन्सगरला दोन चमचे सांगितले ते मीच." आजींनी कप खाली ठेवला. "आता मी कोणाला काही सांगत नाही."

"सवय मोडायची नाही एवढ्यात," आजोबा म्हणाले. त्यांच्या मांडीवर आइलिफ होता. सकाळचे नऊ वाजले होते.

ही सगळी हकीकत लिहू द्यायला सुनिवाने एक अट घातली, आणि ती तुमच्यासाठी आहे. बाळांची काळजी करू नका, म्हणते, त्यांच्यावर सगळ्यांची नजर असते. तुमच्या ओळखीत एकटं राहणारं, तब्येतीची तक्रार न करणारं, कोणी काही दिलं की मुकाट्याने घेणारं एखादं माणूस असेल. त्याला आजच फोन करा. रोज काय घेता ते विचारा, बाटलीवरचं मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि किती घेता याचं उत्तर चमच्यात आलं, तर फोन ठेवू नका. त्यांच्याकडे जा.